समानतेची पहिली सुई

८ जुलै, अल्माती, कझाकस्तान
'बालआरोग्य समानता नेतृत्व' कोर्सला माझी निवड! बत्तीस बालरोगतज्ज्ञांतून सहा, त्यांत मी. आईला वाटलं, पगार वाढला. प्रकल्प: डोंगरातल्या कुरणावर तंबूत राहणाऱ्या एकोणीस मुलांना गोवराची लस. खालच्या गावात गोवर आलाय, आठवड्यात वर चढेल. काम एका दिवसाचं. उरलेल्या दिवसांत नेतृत्वावर छोटंसं पुस्तक लिहीन.

११ जुलै, सकाळ, कुरण
सोबत नर्स झाउरेशअपाय. ('अपाय' म्हणजे आमच्याकडे थोरली ताई.) तेवीस वर्षं इथे येतात. प्रेमळ, पण दूरदृष्टी कमी. म्हणाल्या, "आधी तंबूतंबूत जा, चहा पी, जनावरांची चौकशी कर. सुईचं नंतर." मी नियोजनाचं महत्त्व समजावलं. दहाला सभा.

दहा चाळीस
सभेला एक कुत्रा. बायका घोड्यांचं दूध काढत होत्या. ते दर दोन तासांनी काढावं लागतं, हे कोर्सच्या पुस्तकात नाही. पुस्तकाची चूक.

१२ जुलै
कुरणावरच्या मेंढपाळ कालीबेकने माझ्यासाठी मेंढी कापली! डोकं माझ्यापुढे ठेवलं. (बाबा गेल्यापासून हा मान मला मिळतो.) संधी साधली. समानतेवर चार शब्द बोललो आणि ताट उचलून त्याच्या पाच वर्षांच्या लेकीपुढे, तोमिरिसपुढे ठेवलं. टाळ्यांची वाट पाहिली. कालीबेक पांढराफटक पडला. "डॉक्टर, मी अजून जिवंत आहे!" अपायनी कपाळावर हात मारून घेतला. बाप हयात असलेल्याने डोक्याला हात लावायचा नसतो, हे भाषणाच्या भरात राहून गेलं. लोक भावनाप्रधान आहेत.

१३ जुलै
बातमी कुरणभर. ज्या तंबूत जावं तिथे "मूल झोपलंय." भर दुपारी एकोणीस मुलं एकदम! अपायना फोन आला: खालच्या गावातली एक मुलगी गोवरातून झालेल्या न्यूमोनियाने इस्पितळात. पुस्तकाचं एक पानही लिहिलं नाही.

१४ जुलै, सकाळ
अपाय कालीबेककडे गेल्या. मी बाहेर. आत तीनदा चहा झाला. मग त्याचा आवाज: "एवढी समानता अंगात आहे ना त्याच्या? मग पहिली सुई त्याला. पोरांसमोर!" अपायनी माझं लसीचं कार्ड मागितलं. नाहीये. मी म्हटलं, नेत्याने मुलांना पुढे करावं. अपाय म्हणाल्या, "बस खाली."

दुपार
सुई पाहिली. पुढचं ऐकीव. मी बसल्या जागी कलंडलो म्हणे. पोरं इतकी खिदळली की रांगेत ढकलाढकली झाली. एकोणीसच्या एकोणीस! शुद्धीवर आलो तेव्हा तोमिरिस माझ्या तोंडात सुक्या दह्याची खारट गोळी कोंबत होती. "रडू नको रे दादा, संपलं." कालीबेक डोळे पुसत हसत होता. मला रडू आलं. अशक्तपणा, दुसरं काय! पण इतका आनंद डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

१५ जुलै
कोर्सला अहवाल पाठवला: 'नेत्याने स्वतःच्या उदाहरणाने समाज जिंकला.' लगेच उत्तर: शाब्बास, नेतृत्व करतानाचा फोटो पाठवा.
अपायच्या फोनमध्ये एकच आहे, कालीबेकने काढलेला. अपायच्या हातात सुई, पुढे हसणारी एकोणीस मुलं. मीही आहे. मुलांच्या मागे माझे बूट दिसतात, टाचा खाली, टोकं वर.