टिकलेल्यांची यादी

१२ जून

चि. नानूस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुला नवी खुर्ची मिळाल्याचं तुझ्याकडून नाही, तुझ्या बायकोकडून कळलं, आणि तेही दोन महिन्यांनी. विद्यापीठातून मधेच निघून जाणाऱ्या मुलांना थांबवायचं काम म्हणे तुझ्याकडे आलंय. ज्या मुलाला मी शाळेच्या फाटकातून दंडाला धरून तीनदा परत वर्गात नेलं, त्याच्याकडे हे काम द्यायला तुमच्या कुलगुरूंनी बरीच चौकशी केली असणार. आतल्या गोटातला माणूस हवा होता त्यांना.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू हं हं करतोस आणि मागे टायपिंग चालू असतं. पत्र निदान एकदा तरी वाचशील.

काम असं आहे की आपली ठमी आता रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असेल. असेल म्हणते, कारण निकालाचं विचारलं की ती मला तिकडच्या हवेचं सांगते. हे गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. तू तिथे आहेस म्हणून मी तिला एवढ्या लांब पाठवलं, नाहीतर इथलं कॉलेज काही वाईट नव्हतं. तिने पदवी घ्यावी एवढंच माझं मागणं आहे, पहिला नंबर वगैरे काही नको. जरा बघून ये तिच्याकडे.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवलास तर हरकत नाही.

तुझी,
ताई

१ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, आणि टायपिंग थांबवून वाचलं. फाटकाची गोष्ट कृपया माझ्या हाताखालच्यांना कळू देऊ नकोस. मी आता ‘गळती प्रतिबंध कक्षा’चा प्रमुख आहे. पाटी बघून दोघे जण वसतिगृहातल्या नळाची तक्रार घेऊन आले होते, तेवढं सोडलं तर मान चांगला आहे.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुझी खात्री पटेल. ज्या मुलाने सहामाहीचा अर्ज भरला नाही, त्याचं नाव यादीत येतं. खालच्या मजल्यावर एक कंपनी बसवली आहे, तिथल्या मुली त्याला फोन करतात आणि परत येणार का विचारतात. तो येईन म्हणाला की त्याचं नाव ‘टिकलेले’ या रकान्यात. फोनवर कोण नाही म्हणतंय? एप्रिलमध्ये आमचा आकडा शंभरात एकोणसाठ होता, आज शहात्तर आहे. कुलगुरूंनी सभेत माझं नाव घेतलं. पदवीपर्यंत पोचणारे शंभरात एक्केचाळीसच आहेत, पण तो आकडा चार वर्षांनी मोजतात आणि कुलगुरूंची मुदत दीडच वर्ष उरली आहे, त्यामुळे त्याची कुणाला घाई नाही.

खालच्या मुलींत चौदा नंबर म्हणून एक आहे. कंपनीत नावं नसतात, नंबर असतात. तिने नव्वद मुलांचे होकार आणलेत. कसं बोलते कोण जाणे, म्हणे मुलं तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलतात. तिला प्रशस्तिपत्र द्यायचं ठरवलंय.

आता ठमीचं. तिचं नाव मी स्वतः संगणकावर काढून बघितलं. नावापुढे स्पष्ट ‘टिकलेले’ असं आहे. तू अगदी निर्धास्त राहा.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा,
नानू

९ जुलै

चि. नानूस अ. आ.

तू नाव बघितलंस की मुलगी बघितलीस, ते लिहिलं नाहीस.

‘टिकलेले’ म्हणजे काय तेही मला नीट कळलं नाही. माझ्या वर्गात मुलं हजर असतात नाहीतर गैरहजर. तिसरा रकाना शाळेने मला दिलेला नाही. एखादं मूल दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी जाते. मग कळतं की ताप आहे, की धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणी नाही, की गणिताच्या बाईंची भीती वाटते. गणिताच्या बाई म्हणजे मीच.

ठमीची खोली तुझ्या घरापासून दोन थांब्यांवर आहे. जास्त लिहीत नाही.

ताई

२२ जुलै

ती. मामास सा. न. वि. वि.

काल तू चौदा नंबर असा पुकारा केलास आणि मी उभी राहिले, तेव्हा तुझा चेहरा बघून मला आधी हसू आलं आणि मग रडू. तू मात्र सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंस, न अडखळता. नंतर जिन्यात तू काय विचारलंस ते मला ऐकूच आलं नाही, म्हणून लिहिते.

मी नोव्हेंबरपासून वर्गात नाही. एका पेपरात दोनदा नापास झाले होते. पण खरं कारण ते नाही. तापामुळे चार दिवस गेले नव्हते, आणि पाचव्या दिवशी वाटलं, बघू या कुणी विचारतं का. वर्गात एकशे साठ मुलं. आठवडा गेला, महिना गेला. आई दर पत्रात निकाल विचारायची, तू कधीतरी फोनवर अभ्यास कसा चाललाय विचारून मामीकडे फोन द्यायचास. मग परत जायची लाज वाटायला लागली. मार्चमध्ये या कंपनीची जाहिरात दिसली आणि मी इथे चिकटले. इतर मुलांशी मी चांगलं बोलते, कारण त्यांचं काय झालंय ते मला सांगावं लागत नाही.

मे महिन्यात माझंच नाव माझ्या यादीत आलं. प्रत्येक नावाला फोन झालाच पाहिजे असा नियम आहे. मी माझा नंबर लावला, तो बिझी लागला. मग मी स्वतःलाच विचारलं की परत येणार का, आणि रकान्यात ‘येईन म्हणाली’ असं लिहिलं. ती थाप नव्हती मामा. मला खरंच यायचंय.

म्हणून पुनर्प्रवेशाचा अर्ज घेऊन खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं की तू तर टिकलेली आहेस, गेलेलीच नाहीस, मग परत कशी येणार? विभागात गेले तर ते म्हणाले की तू आमच्या हजेरीपटावरच नाहीस. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या की माझ्यासारखे तीसेक जण असेच परत गेलेत. मी सोडून गेले होते असा दाखला हवा, आणि तो फक्त तुझ्या सहीने मिळतो. शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. ती चुकली की नाव कायमचं जातं.

आईला मी सांगेन. तू सांगू नकोस.

तुझी,
ठमी

३ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

ठमीला भेटलो. तब्येत चांगली आहे. विद्यापीठात रोज येते, नऊच्या ठोक्याला हजर असते आणि सहापर्यंत जागेवरून हलत नाही. तिच्या कामाबद्दल तिला विद्यापीठाचं प्रशस्तिपत्र मिळालं, मी स्वतः होतो त्या वेळी. सगळे तिचं कौतुक करतात. तिचा एक कागद माझ्या टेबलावर आहे, तो बघतो आहे.

माझी पाठ सध्या दुखते, त्यामुळे झोप नीट लागत नाही. बाकी सर्व ठीक.

तुझा,
नानू

५ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला काही बोललो नाही. दाखल्याचं मात्र तुला वाटतं तितकं सोपं नाही. दाखल्यात कारण लिहावं लागतं. मी काय लिहू, की फोनवर येईन म्हणाली म्हणून आम्ही तिला टिकलेली धरली? तुझ्यासारखी चारशे बारा नावं आहेत. एक काढलं की बाकीची का ठेवली, असं कुणीही विचारेल. सप्टेंबरच्या दहा तारखेला कुलगुरू शहात्तरचा आकडा वरच्या मंडळापुढे ठेवणार आहेत. तेवढं होऊ दे, मग पुढच्या वर्षी तुझं काहीतरी नक्की जमवतो. एका वर्षाने काय बिघडतं.

मामी जेवायला बोलावते आहे. रविवारी ये.

मामा

१९ ऑगस्ट

चि. नानूस अ. आ.

तुझ्या पत्रातलं सगळं खरं होतं, म्हणूनच मला शंका आली. एरवी तू एवढं खरं बोलत नाहीस.

मी परवा रजा टाकून ठमीकडे येऊन गेले. तुझ्याकडे मुद्दाम आले नाही, आले असते तर नको ते बोलले असते. सकाळी तिच्या खोलीचं दार वाजवलं तर पोर केस विंचरत होती, हातातला कंगवा तसाच राहिला. तिने सगळं सांगितलं. तुझं पाच तारखेचं पत्रही दाखवलं. रविवारी जेवायला का आली नाही, ते तुला समजलं असेलच.

तिच्यावर मी रागावले नाही. रागावायला तोंड हवं ना. नऊ महिने मी तिला निकाल विचारत राहिले, बरी आहेस का ते विचारलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांच्या घरी जाणारी बाई मी, स्वतःच्या पोरीला पत्रावर ठेवलं. ते माझं मी बघेन.

तुझं तू बघ. भाचीसाठी सही कर असं मी म्हणत नाही. तसली सही तू केलीस तर मला ती नकोच. पण त्या चारशे बारा जणांच्या घरी कुणीतरी असेल ना रे, आई नाहीतर बहीण, जिला तुझ्यासारख्या कुणीतरी निर्धास्त राहा म्हणून कळवलं असेल. आणि त्या खिडकीवरून परत गेलेल्या पोरांना आता कोण फोन करणार? तुझ्या लेखी तर ती वर्गातच बसलेली आहेत.

मला तुझा राग आला आहे आणि तुझी काळजीही वाटते. दोन्ही खरं आहे.

तुझी,
ताई

२८ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद वि. वि.

काल सकाळी साडेअकराला मी तुझं नाव टिकलेल्यांच्या यादीतून काढलं. कारणाच्या जागी लिहिलं की विद्यार्थिनी नोव्हेंबरपासून वर्गात नाही, कक्षाने चौकशी केलेली नाही. मग बाकीची चारशे अकरा नावं काढली. हे सगळं हाताने करावं लागलं, कारण त्या संगणकात नाव घालायची सोय आहे, काढायची नाही.

आकडा परत एकोणसाठवर आला. कुलगुरूंनी बोलावून माझी तब्येत विचारली. मी बरा आहे म्हटल्यावर ते म्हणाले की तसं दिसत नाही, आणि सोमवारपासून मला भांडार विभागात पाठवलं. खडू, डस्टर आणि खुर्च्या. तिथे वस्तू असते किंवा नसते, त्यामुळे मला जमेल असं वाटतं. पाठ आज दुखत नाही.

पाच तारखेला तुला जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. आठ महिने तू दोन थांब्यांवर होतीस आणि मी एकदाही उतरलो नाही, त्याची त्याहून जास्त. ताईला हे वेगळं लिहिलं आहे.

खिडकीवरून परत गेलेल्यांची नावं बाईंनी एका वहीत टिपून ठेवली होती. एकतीस जण निघाले. त्यांचे दाखले सही करून तयार आहेत, तीन दिवस आहेत, आणि त्यांना फोन तुझ्याइतका चांगला कुणी करू शकणार नाही. पण आधी तुझं. तू विद्यापीठ सोडून गेली होतीस हे आता विद्यापीठाला मान्य आहे, तेव्हा परत यायला काही अडचण नाही.

हे पत्र शिपायाबरोबर खाली पाठवतो आहे. दाखला सोबत नाही, तो माझ्या हातात आहे. मी जिन्यात उभा आहे. खिडकी चारला बंद होते, चल.

तुझा,
मामा