पुसण्याआधी विचारलं होतं

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हूं हूं करतोस आणि तेव्हा तुझ्या हातात स्क्रूड्रायव्हर असतो, हे मला इथून ऐकू येतं. म्हणून पत्र. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला पत्र लिहायला लावणारा तू एकटाच.

तू जोडून दिलेला कॉम्प्युटर उत्तम चाललाय. तू डबा उघडा टाकून पंख्यामागून पंखे बदलत बसला होतास, तेव्हा हे म्हणाले होते की याला बहिणीला मशीन द्यायचं नाहीये, खेळायला निमित्त हवंय. आता तेच सगळ्यांना कौतुकाने सांगतात की चालू आहे की बंद, ते दिवा बघितल्याशिवाय कळत नाही. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या माझ्या कामाला हेच हवं होतं. अंधांच्या वाचनालयातल्या बाईंनी निरोप पाठवला की तुमच्या वाचनात आता जराही घरघर येत नाही.

करार कायद्याचं ते जाडजूड पुस्तक संपत आलंय. ज्या मुलीसाठी वाचतेय तिची परीक्षा मे महिन्यात आहे. पूर्ण झालं की पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐकेन आणि मगच वाचनालयात देईन. अर्धं काम घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा माझा हट्ट तुला माहीत आहे. संमतीवरचं प्रकरण वाचताना मजा आली. न वाचता सही केली तरी सही त्याचीच, असं त्यात आहे. हे ऐकून तुझे दाजी उठून कपाटातले कागद चाळायला लागले. कुठे काय सही करून बसलेत, देव जाणे.

तू येतोयस हे कळलं. दर महिन्याला नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायचं वेड मात्र घरी ठेवून ये. तुझी बायको सांगत होती, तिला दर वेळी मशीन बंद करायचं बटण नव्याने शोधावं लागतं.

लोभ आहे, तो समक्ष येऊन वाढवावा.

तुझी
आक्का


२९ जानेवारी

प्रिय मास्तर,
स. न. वि. वि.

ईमेल सोडून पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. पण आपल्या कॉम्प्युटरवेड्यांच्या मंडळात ईमेल घरोघर फिरते, आणि हे फिरायला नको आहे.

आक्काकडे गेलो होतो. खिशात पेनड्राइव्हवर ती नवी सिस्टिम होती, तू मागे कौतुक केलं होतंस ती. आक्का बाजारात गेली होती. म्हटलं, ती येईपर्यंत घालून ठेवू, खूश होईल. तिच्या मशीनमध्ये मीच दोन डिस्क बसवल्या होत्या. एकीवर सिस्टिम, दुसरीवर तिची वाचनं. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, कारण शेजारी शेजारी छान दिसतात. यादीत मी चुकीची निवडली. मशीनने विचारलं की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की का? मी हो दाबलं. आपण हे इतक्या वेळा करतो की तो प्रश्न आता कुणी वाचतच नाही.

नवी सिस्टिम उघडली आणि दुसऱ्या डिस्कवर बघतो तर जुनी सिस्टिम जशीच्या तशी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाचनांची दुसरी प्रत कुठेच नाही. प्रत ठेवायची सोय पुढच्या खेपेला करून देतो, असं मीच म्हटलं होतं.

ती परत आली. नवा पडदा बघून छान आहे रे म्हणाली. माझ्यासाठी बिस्किटं आणली होती, ती मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून आलो. तिला काही बोललो नाही.

ती डिस्क काढून बरोबर आणली आहे, तिच्या जागी कोरी बसवली आहे आणि नवी सिस्टिम जुनीच्या जागी पुन्हा घातली आहे. माहीत असलेलं सगळं करून झालं. तुला काही उपाय ठाऊक असेल तर कळव. माझ्या अकलेबद्दल काय म्हणायचं ते नंतर म्हण.

तुझा


४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लिहायला लाज वाटतेय, पण तुझ्याशिवाय कुणाला विचारू? माझी वाचनं दिसत नाहीत. एकही प्रकरण नाही. आधी वाटलं नव्या सिस्टिममध्ये मलाच जागा सापडत नसेल. शेजारच्या इंजिनिअर बाईंनाही बोलावलं. त्यांनी सगळं उघडून बघितलं आणि डिस्क रिकामी आहे म्हणाल्या.

तू गेलास तेव्हा सगळं नीटच असणार, तू न बघता उठणारा नाहीस. म्हणजे नंतर माझ्याच हातून काही झालं. मी भिंतीवरचं बटण एकदम बंद करते म्हणून तू किती वेळा ओरडला होतास. तू गेल्यावरही एकदा तसंच बंद केलं होतं. त्यानेच झालं असेल का रे? खरं काय ते सांग, मला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस.

उत्तराची वाट बघते. लोभ आहेच, त्याची आज जास्तच गरज आहे.

तुझी
आक्का


११ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एकदम बटण बंद केल्याने डिस्कवरचं कधी कधी जाऊ शकतं. नक्की सांगता येत नाही. मी माझ्याकडून प्रयत्न करतोय. तू मनाला लावून घेऊ नकोस. कामावर लिफ्टच्या तपासण्यांची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

दाजींना नमस्कार. लोभ असावा.

तुझा
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

म्हणजे मीच. कळल्यावर एका परीने सुटल्यासारखं झालं.

काल वाचनालयात जाऊन सांगून आले. बाई समंजस आहेत, पण ती मुलगी नेमकी तिथेच बसली होती. तिच्यासमोर सांगावं लागलं की तुझं पुस्तक माझ्या निष्काळजीपणाने गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीच उलट मला म्हणाली की होतं असं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. एवढीशी पोर माझी समजूत घालत होती आणि मला मान वर करता येत नव्हती. बाईंनी पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला दिलंय. तुम्ही थोडी विश्रांती घ्या, असं म्हणाल्या. विश्रांती म्हणजे काय, ते मला कळतं.

एक तुलाच सांगते, यांना बोलले नाही. मला आता माझा भरवसा वाटत नाही. कुलूप लावून जिना उतरते आणि परत वर जाऊन ओढून बघते. गॅसचंही तेच. आईचं शेवटी शेवटी असंच सुरू झालं होतं, तुला आठवत असेल.

तुझ्या मशीनवर चादर घातली आहे. पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तू एवढ्या मायेने जोडून दिलंस आणि मला ते सांभाळता आलं नाही, त्याचा राग धरू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझी
आक्का


२६ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. आईबद्दलची ओळ पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही.

तू काही केलेलं नाहीस. वाचनं मी पुसली. तू बाजारात गेली होतीस तेव्हा, ती नवी सिस्टिम घालताना. चुकीची डिस्क निवडली. पुसण्याआधी मशीनने स्वच्छ विचारलं होतं आणि मी न वाचता हो म्हटलं. तू पिशवी घेऊन दारात आलीस तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. मास्तरलाही विचारलं. काहीही परत मिळायचं नाही, असं त्याने कळवलंय.

याहून वाईट पुढेच आहे. तू बटणाचं विचारलंस आणि मी 'जाऊ शकतं' असं लिहिलं. शब्द मुद्दाम असा निवडला, की उद्या कुणी धरलं तर खोटं बोललो नाही म्हणता यावं. पत्र पेटीत टाकून आलो आणि नीट जेवलोसुद्धा. नोकरीत मी एकेक दोर हाताने चाचपतो, दाखल्याची ओळ न् ओळ वाचतो, मगच लिफ्ट चालू करायची परवानगी देतो. परक्या माणसांसाठी एवढं करतो. तुझ्या घरात मात्र एक ओळ वाचली नाही.

घरात आता पाच मशीनं आहेत. एकाकडेही बघवत नाही. बायकोला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की आक्काला कधी सांगणार आहात.

तू ठणठणीत आहेस. कुलूप लागलेलं असतं, गॅस बंद असतो. लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझा
धाकटा


३ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद लिहायचं आज मनात येत नाही, म्हणून लिहीत नाही.

डिस्क गेली याचा राग नाही, चूक कुणाच्याही हातून होते. पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, ती तू बाजूला उभा राहून बघत होतास. वर संन्याशाला म्हणालास, मनाला लावून घेऊ नकोस. मी त्या मुलीसमोर मान खाली घालून बसले होते ती तुझ्या जागी. हे मी लवकर विसरणार नाही आणि तूही विसरू नकोस.

रजा टाक आणि ये. आधी वाचनालयात जायचं, एकट्याने. बाईंना आणि त्या मुलीला काय ते तुझ्या तोंडाने सांगायचं. मग माझ्या मशीनवर जुनी सिस्टिम परत घालायची, मी शेजारी बसलेली असताना. त्यानंतर पुस्तक वाचायला बसायचं. सकाळी मी, दुपारी तू. परीक्षेआधी एकटीने होणार नाही. माझ्या मशीनवर घरी बसून वाचेन, असं म्हणू नकोस. तुझ्या त्या दिव्यांची आरास केलेल्या मशीनचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे वाजतात.

आक्का


९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पुस्तक पोचतं केलं. देण्याआधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तू पहिल्या दिवशी असा वाचत होतास, जणू प्रत्येक शब्द लिफ्टखाली उभं राहून तपासतोयस. त्या मुलीला मात्र तेच आवडलं. काकांचं वाचन टिपणं काढायला बरं पडतं, म्हणाली. मी घाईने वाचते असा त्याचा अर्थ झाला, तो मी गिळला.

बाई घरी येऊन गेल्या. पुढचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खूप वेळ बोलत बसल्या. आता मी कुलूप एकदाच लावते. काल अर्ध्या जिन्यातून मागे वळले होते, पण तुझी आठवण काढून दोन शिव्या दिल्या आणि उतरले.

आता तुझ्या त्या करामतीबद्दल. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला वाचणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायचं, एवढाच नियम आहे. तू पहिल्या प्रकरणाआधी नाव सांगून पुढे म्हटलंयस, "या पुस्तकाचं आधीचं वाचन माझ्या हातून पुसलं गेलं. दोष माझ्या बहिणीवर आला आणि मी तो येऊ दिला. तिचा काही दोष नव्हता." मी शेवयांचं पाकीट फोडत ऐकत होते, ते तसंच हातात धरून बसले. मला न सांगता कधी केलंस हे?

बाईंना ऐकवलं. त्या मुलीलाही ऐकवलं. तिने परत एकदा लावायला सांगितलं. यांनी ऐकलं आणि उठून खिडकीपाशी गेले. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांचं ऐकून झालं. पुढे वर्षानुवर्षं मुलं हे पुस्तक ऐकतील, त्यांना करार शिकायचाय. त्यांनी दर वेळी तुझी मान खाली बघायचं कारण नाही.

म्हणून आज पुस्तक वाचनालयात देण्याआधी तेवढा तुकडा निवडला. मशीनने विचारलं, हे कायमचं पुसलं जाईल, नक्की का? मी सवयीने मोठ्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग हो दाबलं.

लोभ होता तिथेच आहे. आता ये, बिस्किटं आणून ठेवली आहेत.

तुझी
आक्का