रेडकाचा चीक

बाय जाई,

तुला सातवा लागला, असं जावईबापूंनी कळवलं. आता ऊसतोडीला जाऊ नको. बाळंतपणाला माझ्याकडंच ये.

दुष्काळ लई हाय. म्हैस छावणीत बांधली, मी बी तिथंच ऱ्हाते. काल ती व्याली. दूध सोसायटीचे ढोरांचे डॉक्टर म्हणले, "मावशे, चीक आधी रेडकाला पाज. न्हाईतर जगायचं न्हाई." मला हसू आलं. हे काय सांगायचं झालं? आपल्याला खरवसाची कितीबी घाई असली, तरी पयलं तोंड रेडकाचंच.

मग तुझी सोनी आठवली, अन् हसू गेलं. दवाखान्यातल्या नर्सबाईला इचारलं. ती म्हणली, "बाईचंबी तसंच असतंय."

जाई, मी गावची सुईण. तुझं पयलं पिवळं दूध नासकं म्हणून मीच भुईवर पिळलं. तीन दिस पोरीला गुळाचं पाणी चाटवलं. ती तुझ्याकडं तोंड वळवायची अन् मी तिला उचलून घ्यायची. पाचवीच्या दिशी ती गेली. तवा माझ्याच गळ्यात पडून तू म्हणलीस, "आई, तू लई केलंस."

औंदा लेकरू झालं, की लगेच तुझ्या छातीशी धरीन. तू इचारशील, "आई, सोनीच्या वक्ताला असं कावून न्हाई केलंस?"

तोंडानं सांगवणार न्हाई म्हणून लिवलं, अन् लिवून पोस्टात टाकवंना. तू इचारशील तवर उशाखाली ठेवते.

तू लवकर ये. नको, सावकाश ये.

तुझी आई,
सरू