मासा डोक्यासकट मोजावा

परम दयाळू अल्लाचे नाव घेऊन, मी इन्शिराह अब्दुल गफ्फार, राहणार दुमियात, नदीकाठची जुनी इमारत, चौथा मजला, अविवाहित, निवृत्त रसायनतज्ज्ञ, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते.

कलम एक. शरीयतीप्रमाणे मालमत्तेचा तिसरा हिस्साच मला मर्जीने देता येतो. बाकी सारे, या घरासकट, माझा एकुलता सख्खा भाऊ शिहाता, तलावावरचा कोळी, याला आपोआप जाईल. मी रागावले तरी जाईल, म्हणून तिथे राग वाया घालवत नाही.

कलम दोन. माझा तिसरा हिस्सा तलावाकाठच्या आमच्या गावच्या माशांच्या तपासणीला द्यावा. मात्र मासा गावात खातात तसाच तपासावा, डोक्यासकट, पोटासकट. माशात किती शिसे चालेल याची मर्यादा ठरवणाऱ्या समितीवर मी होते. तिथे मासा सोलून, पोट काढून, नुसते मांस तपासत, आणि माणूस कधीमधीच मासा खातो असे धरून आकडा काढत. आमच्याकडे मासा कोंड्यात घोळवून, पोट न काढता भट्टीत भाजतात. काळीज पोरांना भरवतात, डोक्यांच्या रश्शात भात शिजवतात, आणि हे रोजचे. शिसे मांसापेक्षा तिथेच जास्त साठते. मी म्हटले, या लोकांसाठी, निदान पोरांसाठी, मर्यादा कडक हवी. अध्यक्ष म्हणाले, "बाई, डोकी खातं कोण? मांजरं?" सगळे हसले. मी सही केली नाही. माझ्या सहीवाचून त्यांचे काही अडले नाही.

कलम तीन. ते अध्यक्ष हयात असल्यास, आईचे रश्शाचे मातीचे भांडे त्यांना पोचवावे. एका बाजूने तडा गेला आहे. चालेल त्यांना.

कलम चार. सरकार ऐकेना म्हणून मी गावात जाऊन बायकांना सांगितले, पोरांना तरी डोकी आणि काळीज देऊ नका. बोलणे बाजारात पोचायला कितीसा वेळ लागतो? व्यापारी फिरकेनासे झाले. शिहाता याच जिन्यात उभा राहून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आमच्या ताटात विष शोधलंत. आता गिऱ्हाईकही शोधून द्या." तोवर मी त्याची ताई होते. त्यानंतर तो हा जिना चढला नाही. त्याची नात नुहा मी फोटोतच पाहिली आहे. तिच्या ताटात काय वाढतात ते कळत नाही, आणि जेवायला बसले की तेच मनात येते. वसंताच्या सणाला सगळी इमारत माशाच्या वासाने भरते. एकटीसाठी भट्टी पेटवत नाहीत, म्हणून मी पाव आणि चीज खाते. मला फार एकटे वाटते, हे मृत्युपत्रात लिहायचे नसते, पण दुसरे कोण वाचणार?

~~कलम पाच. शिहाताने माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये. जिवंतपणी जो जिना चढला नाही, त्याने मेल्यावर मला खाली उतरवायला येऊ नये.~~

कलम सहा. पाचव्या कलमावरची काट माझ्याच हातची आहे. आज सण. इमारतीचे पहारेकरी अबू सरी साक्षीसाठी वर आले ते हातात टोपली घेऊन. आत बोल्टी मासे, डोकी उडवलेली, पोटे स्वच्छ धुतलेली. आमच्या गावात असा मासा कोणी कोणाला देत नाही, अपमान समजतात. मी विचारले, कोणी दिली. ते म्हणाले, "तुमचा भाऊ. म्हणाला, ताईला सांग, नुहासाठीही असाच करतो, डोकी मांजरांना जातात. वर या म्हटलं, तर म्हणे, पाय चिखलाचे आहेत."

मी खिडकीशी जाईपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता. हाक मारली, ती पोचली नसावी.

शिहाताने पुढून खांदा द्यावा. पाय चिखलाचे असले तरी चालतील.

साक्षीदार: तादरुस बिशाय, औषधांचे दुकान, तळमजला (सही)
अबू सरी, पहारेकरी (अंगठा)

इन्शिराह अब्दुल गफ्फार (सही)
दुमियात, वसंताच्या सणाचा सोमवार, दुपार