पोरीचा आवाज

रुग्णालयाचे समन्वयक साहेब यांस,

शाळेतून येताना माझी मुलगी जिन्यातच कविता म्हणू लागायची. तो बारीक, किणकिणता आवाज अजून माझ्या कानात आहे. आता फोनवर लोक तिला ‘दादा’ म्हणतात. स्नायू वाढवायला तिनं स्टेरॉईडची इंजेक्शनं घेतली, आणि आता ती सुटत नाहीत; बंद केली की पोरगी दिवसचे दिवस अंथरुणात पडून राहते. हार्मोनचे डॉक्टर म्हणतात, आधी व्यसन सोडवा. व्यसनमुक्तीवाले हसतात, “आजोबा, आमच्याकडे दारुडे येतात, पैलवान नाही.” या दोघांना एकत्र बसवणं हे तुमचं काम. तुम्ही “बघू” म्हणता आणि चहा मागवता. काल पोरगी म्हणाली, “बाबा, राहू द्या. पुन्हा टोचून घेते, निदान अंथरुणातून उठावंसं तरी वाटेल.”

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तरी तुम्ही ते तिसऱ्याच खात्याकडे धाडाल.

तुमचे उंबरे झिजवणारा,
एक बाप

ता. क. सही करतोय तोच बेल वाजली. दारात तिचा व्यायामशाळेतला कोच, तिला पहिली सुई टोचणारा. मी त्याच्या तोंडावर दार आपटणार होतो. पण तो चौकट धरून धापा टाकत म्हणाला, “काका, तिला डॉक्टरांकडे तुम्हीच नेता ना? उद्या मलाही न्याल?”