पलंग तो, खाट ती

प्रिय प्रश्नोपंत,

वर्गात आम्ही ठेवलेलं हे नाव तुझ्या घरी कुणाला माहीत नसेल. चपलांच्या दुकानावरची ती खोली आठवते? लिफ्ट दुरुस्त करून आलेले तुझे तेलकट हात, शिवणकामातून उठून आलेली मी, अंगावर दोऱ्यांचे तुकडे, आणि समोर इंग्रजी शिकवणाऱ्या, मराठीचा गंध नसलेल्या म्हाताऱ्या बाई. इंग्रजीतला 'द' तू मिठासारखा वापरायचास, दिसेल तिथे चिमूटभर. आणि न उच्चारायची अक्षरं पाहिली की तुझा पारा चढायचा. "ही बिनतिकिटाची माणसं शब्दात बसवलीच कशाला? एवढी अवघड भाषा जगात दुसरी नसेल!"

बाईंनी मग हट्टानं आपल्याकडून मराठी शिकायला घेतली आणि थोड्याच दिवसांत हात टेकले. "तो पलंग, ती खाट, ते अंथरूण! अरे, शेवटी झोपायचंच ना?" आपण इतके हसलो की खालचा दुकानदार वर आला.

मला मात्र इंग्रजीतलं 'यू' फार आवडायचं. वर्गात आपण एकमेकांना बिनधास्त म्हणायचो. जिना उतरलो की तुझी गाडी अडायची. तू म्हणावं की तुम्ही? मग "आज उशीरच झाला, नाही?" असं काहीतरी मोघम बोलत कोपऱ्यापर्यंत यायचास. मीही तशीच. तिथे किती वाक्यं अर्धी राहिली, देव जाणे.

पुढे तू परदेशी गेलास. तुझी पत्रं इंग्रजीत यायची. थंडी, नवं घर, लग्न, मुलगी. भाषा सुधारत गेली, पण त्यात तू दिसेनासा झालास. माझाही संसार झाला. हे गेल्यावर शिवणाचं दुकान मीच सांभाळलं. तक्रार नाही रे.

परवा तुझ्या मुलीचा फोन आला. मेंदूच्या झटक्यानंतर तुझं इंग्रजी पार पुसलं गेलंय, म्हणाली. दिवसभर मराठीत बोलतोस, घरात कुणाला कळत नाही. बिचारी तुला सारखं पाणी देत होती. तिनं फोन तुझ्या तोंडाशी धरला आणि तू म्हणालास, "खिडकी लाव गं, गार वारा येतोय." मी तिला इंग्रजीत सांगितलं. खिडकी लागल्याचा आवाज आला, मग तिचं रडणं.

डॉक्टर म्हणालेत, त्याच्या भाषेतलं काहीतरी त्याच्यापुढे धरून बघा, वाचता येतंय का. म्हणून हे पत्र. जमलं तर वाच, नाही जमलं तर जिवाला लावून घेऊ नकोस. माझं तिकीट निघालंय. तुझ्या मुलीला मराठी शिकायचीय, आणि मला तुझ्याशी पोटभर बोलायचंय. आता मी तुला सरळ 'तू' म्हणते आहे, चालेल ना?

तुझीच,
शिवणवाली