बटलरच असणार

१२ एप्रिल, सकाळी
मोहिनी नाचणगावला गेली. लीलाबाईकडे. म्हणजे हिची धाकटी बहीण, मिस्टर वारल्यापासून घरात एकटीच असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. आठ-दहा दिवसांचा प्रश्न.
सामान मात्र भरपूर नेलं. मोठी सुटकेस, दोन बॅगा, आणि शाल. एप्रिलमध्ये शाल! पण पुलगावकडे नदी आहे, पहाटे गार वाटत असेल.
संकल्प : १. रोज फिरायला जाणे. २. स्वयंपाक स्वतः करणे. ३. ती येईपर्यंत घर असं ठेवणे की तिने तोंडात बोट घालावं.

१३ एप्रिल
पाय दुखतो. फिरणं सोमवारपासून.
भात खाली लागला. गॅसची ज्योत मोठी असावी.

१८ एप्रिल, दुपारी
मोहिनीला फोन केला. उचलला लीलाबाईंनी. म्हणाल्या, ताई कादंबरी ऐकून राह्यली, कानात लावलं आहे, नंतर करते.
कादंबरी ऐकते म्हणजे काय? चौकशी केली तेव्हा कळलं, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या सोनमने मोहिनीच्या फोनमध्ये ऑडिओबुक टाकून दिलं होतं. सोनम इथे वर्ध्याजवळच, सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकते. ही गोष्ट माझ्या घरात झाली आणि मला पत्ता नाही. मी तेव्हा पेपर वाचत असणार.
कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीची, इंग्रजी. एका दलदलीच्या काठी मोठं घर, म्हातारा मालक बंद लायब्ररीत मेलेला सापडतो. विष. कोणी दिलं?
तेच पुस्तक आपल्या कपाटात आहे! मोहिनीने कधीतरी पुस्तक प्रदर्शनात घेतलं होतं. टाइप बारीक, हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पडून राहिलं. विटेएवढं जाड.
प्लॅन : चार दिवसांत वाचून काढणे. खुनी ओळखणे. तिच्या आधी. मग फोनवर सहज नाव सांगणे. एकदा खुनी कळला की तिला तिथे बसून ऐकत राहायचं कारणच उरत नाही.

२२ एप्रिल
पान ११.
लेखक एका वाक्यात सात स्वल्पविराम वापरतो. पाटबंधारे खात्यात मी हेडक्लार्क होतो, इंग्रजी ड्राफ्टिंगमध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता. ही अकरा पानं मी अर्ध्या पानात पुटअप केली असती : "महोदय, उपरोक्त घरात मालक मयत आढळले. पुढील कार्यवाहीस्तव सादर."

२८ एप्रिल
पान ४७. बटलर. शंभर टक्के. चांदीचा ट्रे घेऊन बिनआवाज चालतो. आमच्या ऑफिसातही एक शिपाई असा चालायचा.
मोहिनीला फोन करून सांगितलं. ती काहीतरी सांगत होती, लीलाच्या घराबद्दल, मागच्या खोलीत खिडकी पाडून घेतली, तिथं उजेड येते, असं काहीतरी. मी म्हटलं ते राहू दे, आधी बटलरचं ऐक. ऐकलं तिने. मग म्हणाली बरं, ठेवते.
आवाज छान होता. हवापालट मानवली.

५ मे
नाचणगावला जाऊन आलो. वर्ध्याहून बस, पुलगावला उतरून ऑटो. काय ते ऊन! डोक्याला रुमाल बांधून गेलो. म्हटलं, सरप्राइज द्यावं आणि येताना सोबतच घेऊन यावं.
गेलो तर लीलाबाई भरलेली बादली घेऊन गच्चीचा जिना चढत होत्या. ऑपरेशन अत्यंत यशस्वी झालेलं दिसतं.
गच्चीवर वाळवण. दोघी बहिणी ओढणीच्या सावलीत बसून साच्यातून कुरडया पाडत होत्या. मधे मोबाइल, त्यातून एक इंग्रज बाई वाचत होती. लीलाबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, तर मोहिनी मधूनमधून थांबवून आपल्या भाषेत सांगायची, आणि त्या "मग? मग व?" करायच्या. दोघी हसत होत्या. मोहिनी इतकी हसते हे माझ्या लक्षात नव्हतं.
मी बसलो. लीलाबाईंनी पन्हं दिलं. मी बटलरचा मुद्दा काढला. मोहिनीने मोबाइल थांबवला. माझं झाल्यावर सुरू केला. मग मला विषाबद्दल एक गोष्ट आठवली. पुन्हा थांबवला. तिसऱ्यांदा मी डॉक्टरच्या पात्राविषयी बोलू लागलो तेव्हा तिने थांबवला नाही. मी आणि ती इंग्रज बाई दोघंही बोलत राहिलो. शेवटी मीच थांबलो, घसा कोरडा पडला होता.
निघताना म्हटलं, चलतेस? म्हणाली, आत्ता नाई. मोठा डबा भरून कुरडया दिल्या, वरून पापड, सांडगे, तिखट. पूर्ण वर्षाची बेगमी! म्हणजे हिचं सगळं लक्ष घरीच आहे. बसमध्ये डबा मांडीवर धरून आलो.

११ मे
कार्तिकचा फोन, हैदराबादहून. आईशी नीट बोललात का, असं विचारत होता. म्हटलं रोज बोलतो. म्हणाला, तसं नाही बाबा, तिचं ऐकलं का? मी त्याला कादंबरीचं कथानक सांगितलं. तो म्हणाला, ठेवतो बाबा. ऑफिसात काम फार असतं त्याला.

१६ मे, दुपारी
सोनमला सांगून माझ्याही फोनमध्ये ऑडिओबुक घेतलं. ती म्हणाली, काका, झोपून ऐकू नका. या मुलींना वाटतं आम्हाला काहीच कळत नाही.
कूलरसमोर आडवा होऊन ऐकलं.
तिसऱ्या प्रकरणात डोळा लागला तो नवव्यात उघडला. तोवर मेलेला म्हातारा जेवणाच्या टेबलावर बसून बोलत होता. माझी थिअरी आमूलाग्र बदलली. म्हातारा मेलाच नव्हता! मोहिनीला तातडीने मेसेज केला. तिचं उत्तर : "तो त्याचा जुळा भाऊ आहे. प्रकरण ५."

२४ मे
आता पद्धत सापडली. पुस्तक हातात, आवाज कानात. डोळ्याने ओळ धरायची, कानाने ऐकायची. झोप येत नाही. एखादी गोष्ट निसटली की पान मागे उलटून पाहता येतं, हा कागदाचा फायदा. आणि वाक्य कुठे थांबतं, कोण चिडून बोलतं, कोण खोटं, ते त्या बाईच्या आवाजात कळतं. सातही स्वल्पविराम बरोबर जागी आहेत. एकही काढता यायचा नाही.
त्या घरात एक म्हातारी हाउसकीपर आहे. तिच्या साक्षीची पानं मी पहिल्यांदा गाळली होती, चादरी आणि किल्ल्यांबद्दल आहेत म्हणून. आज ऐकली. पोलीस तिला प्रश्न विचारतो आणि तिचं उत्तर संपायच्या आत पुढचा विचारतो. म्हातारी दर वेळी थांबते, एप्रन सारखा करते, पुन्हा सुरू करते. शेवटी म्हणते, साहेब, तुमचं झालं की मी सांगेन. फार हसलो. पोट धरून.
आणि हसता हसता स्वयंपाकघराकडे पाहून म्हटलं, "ऐकलं का गं?"
बाहेर सेहेचाळीस डिग्री. घरात कूलरची घरघर, पुस्तकात धुकं. आवाज बंद करायचं राहिलं, बाई आपली वाचतच होती.

२ जून
मोहिनीने स्वतःहून फोन केला. हाउसकीपरबद्दल बोललो. म्हणाली, मलेही तीच आवडली. मग एक गोष्ट सांगितली. ही कादंबरी तिने बी.ए.ला असताना कॉलेजच्या लायब्ररीतून आणली होती. अर्धी झाली, तेवढ्यात आमचं लग्न ठरलं. पुस्तक परत करावं लागलं, परीक्षाही राहिली. चौतीस वर्षं तिला माहीत नव्हतं खुनी कोण.
मी म्हटलं, हे मला कधी बोलली नाहीस.
म्हणाली, बोलली होती. प्रदर्शनातून पुस्तक आणलं त्या दिवशी.
मार्च एंडिंग असेल. मार्चमध्ये मला कुणाचं काही ऐकू येत नसे, हे अख्ख्या खात्याला माहीत होतं.
दहा तारखेला येते म्हणाली. येते!

३ जूनपासून ९ जूनपर्यंत
रोज लिहायला वेळ नाही. फरशी पुसून घेतली. जळमटं काढली. कूलरची गवताची ताटी बदलली. तुळशीला पाणी घातलं, पण ती आधीच गेली होती. नवीन आणली, तीच जुनी वाटेल अशी. गोरसपाक आणला, आपल्या वर्ध्याचं तुपातलं बिस्किट, तिला आवडतो. बहुतेक आवडतो.

१० जून, संध्याकाळी
आली होती.
टेम्पो घेऊन आली, तो रिकामा होता हे मी आधी पाहिलं नाही. मला वाटलं सुटकेस आणि बॅगा परत आणायला बसमध्ये त्रास होत असेल. चहा मी केला. ती शिलाई मशीनचा पाय सोडवत होती. म्हटलं बस, ते राहू दे, थकली असशील. मग तिने हात पुसले आणि समोर बसली.
म्हणाली, "मी आता येत नाई. तिकडेच राह्यते."
मी म्हटलं, लीलाबाईंचा गुडघा...
"लीलाचा गुडघा कधीचाच बरा आहे. तुमाले दिसला नाई का?"
मी म्हटलं, माझं काय चुकलं? दारू नाही, जुगार नाही, कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही.
"तुम्ही वाईट नाई. वाईट असते तर मी कधीच गेली असती," ती म्हणाली. "पण मी बोलायले तोंड उघडलं की तुमचं पुढचं वाक्य तयार राह्यते. मले माह्या मनातलं शेवटपर्यंत कधी बोलताच आलं नाई. आता तर बोलता बोलता मीच मधात थांबून जाते. कोणी तोडलं नाई तरी. लीला म्हणते, काऊन थांबली ताई, बोल नं."
ती थांबली. मला वाटतं ती अजून काही सांगणार होती. पण शांतता पडली की मला अवघड होतं. मी विचारलं, कादंबरी संपली का तुझी?
ती मग हसली, जरासं. म्हणाली, मे महिन्यातच संपली.
"कोण निघालं? बटलरच ना?"
"वाचा नं तुम्ही. मी सांगितलं तर मजा जाईन."
टेम्पोवाल्याने मशीन उचललं. मी दुसऱ्या बाजूने धरलं. जड असतं ते. उंबऱ्यात तिने मला सावकाश म्हटलं, पाठीत भरेल. पुस्तक देऊ केलं तर म्हणाली, ठेवा तुम्ही, माहं ऐकून झालं. गोरसपाक तिने एक खाल्ला.

११ जून
थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. पावसाळ्यात तिकडे डास होतात.

१३ जून
वरचं वाक्य उगाच लिहिलं.

१९ जून, दुपारी
कादंबरी संपवली. शेवटची साठ पानं एका बैठकीत, आवाज बंद करून, नुसती वाचली.
बटलर नव्हता. कोण ते इथे लिहीत नाही. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरीही. तिने सांगितलं नाही, मग मीही लिहू नये. एवढं लिहितो की तो माणूस पहिल्या प्रकरणापासून समोर होता, रोज चहाला यायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा, आणि मला त्याचा एकदाही संशय आला नाही.
संकल्प : मोहिनीला फोन करणे. आपण एक अक्षर न बोलता तिला शेवट कसा वाटला ते विचारणे. आणि ऐकणे. मधे बोलायचं नाही. काहीही झालं तरी.

१९ जून, संध्याकाळी
केला फोन. विचारलं, तुला शेवट कसा वाटला?
आधी म्हणाली, बरा होता. मी काही बोललो नाही. मग म्हणाली, म्हणजे खरं सांगू का, मले वाईट वाटलं. मी गप्प. मग ती बोलू लागली. खुन्याचं नाव कळलं तेव्हा ती आणि लीलाबाई भाजी निवडत होत्या, दोघींचे हात थांबले. मग म्हणाली, कॉलेजात असताना तिने मनात एक शेवट रचून ठेवला होता, आणि मुलं झोपली की, कणीक मळताना, कपडे वाळत घालताना ती तो बदलत राहायची. इतकी वर्षं. त्यात कधी हाउसकीपर घर सोडून जायची, कधी तिला सगळी इस्टेट मिळायची. खरा शेवट तिच्या शेवटांपेक्षा चांगला निघाला म्हणाली, पण आता रचायला काही उरलं नाही, म्हणून दोन दिवस करमलं नाही. मग लीलाने दुसरी कादंबरी लावायला लावली.
मला किती वेळा बोलायचं होतं. मी मूठ आवळून धरली होती. तोंडावर हात ठेवला होता. एक हुंकार दिला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिचं बोलणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. सात स्वल्पविराम लागतील.
तिचं संपलं. ती थांबली. मीही थांबलो, अजून काही असेल तर असावं म्हणून.
"हॅलो?" ती म्हणाली. "हॅलो?"
मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.
"कट झाला वाटते व लीला," ती मागे वळून म्हणाली. "मी आपली एकटीच बोलून राह्यली."
आणि फोन ठेवला.
मी होतो.